‘द अटॅक’ : एक बोलपट

लेबनॉनचे दिग्दर्शक झियाद दुएरी यांचा २०१२ सालचा हा बोलपट मुलांना दाखवूं नये, असें कित्येक पालकांचें मत पडेल. आमचें मत निराळें आहे. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं तो वडील मंडळींसमवेत अवश्य पाहावा.

कथा तेल अवीव शहरांतील. डॉक्टर अमीन जाफरी हा इस्रायलचा अरब नागरिक, नामांकित शस्त्रवैद्य. एका उपाहारगृहांत मुलांच्या मेजवानींत बाँबस्फोट होतो. तो जखमींवर उपचार करूं लागतो, तों त्यांतलाच एक जण अरबाचा हात अंगाला लागूं देत नाहीं! त्याच रात्रीं प्रेत ओळखण्यास त्याला बोलावतात. तें त्याच्या पत्नीचें, सिहामचें. आणि बाँब तिनेंच नेलेला.

निरपराध बालकांचे प्राण घेणारीचें समर्थन आम्ही कदापि करणार नाहीं. पतीचाही तिनें विश्वासघातच केला. परंतु इतक्या वर्षांच्या संसारांत तिच्या मनांत काय सलत आहे, हें त्यानें कधीं विचारलें होतें काय? आपलें सुख तेंच तिचें सुख, असें तो गृहीत धरून बसला. नाब्लुसला शोध घ्यावयास गेल्यावर तेथेंही तो परकाच ठरतो.

मूळ फ्रेंच कादंबरी २००५ सालची. यास्मिना खद्रा हें लेखकाचें टोपणनांव. एका अल्जीरियन लष्करी अधिकाऱ्यानें तें आपल्या पत्नीच्या नांवांवरून घेतलें, ही गंमतच! बोलपटावर मात्र २०१३ सालीं लेबनॉननेंच बंदी घातली. कारण एवढेंच, कीं त्याचें चित्रण इस्रायलमध्यें, तेथील नटांना घेऊन झालें होतें.