चाल कुणाची, गळा कुणाचा?

गेल्या दिवाळीत अभ्यंगस्नान आटोपून फराळाला बसलो होतो, तोच पुतण्याने माझ्या कानांवर हेडफोन चढविले. “काका, माझे नवे गाणे ऐका.”

ऐकले. यंत्राचा एकसारखा ठोका, आणि त्यातून मध्येच उमटणारा एका म्हाताऱ्या बाईचा गळा! जात्यावरची ओवीच ती. पण शब्दाचे चार तुकडे करून, पट्टी चढवून, पुन्हा पुन्हा वाजविलेली. खोटे कशाला बोलू, कानाला गोड लागली.

“बाई कोण रे ही?”

“कुणास ठाऊक! आवाजांचा तयार संच विकत मिळतो, त्यातली. फाइलवर ‘इंडियन फीमेल व्होकल सात’ एवढेच आहे. रॉयल्टी-फ्री आहे, काका. कुणाला विचारायला नको.”

माझी चकली हातातच राहिली. एका जित्याजागत्या बाईचे नाव ‘सात’?

“उसनवारी काय आजची आहे?” चिरंजीव म्हणाले. “तुमच्या संगीत नाटकांनी नाही का चाली उचलल्या?”

उचलल्या, हजार वेळा उचलल्या! पण जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडून पाहावे. पदाच्या डोक्यावर ‘चाल’ असे लिहून पुढे मूळ गाण्याचे शब्द दिलेले असत. किर्लोस्करांचे ‘सौभद्र’ १८८२ सालचे. ज्याचे घेतले त्याची आठवण ठेवण्याची ही रीत आपल्याकडे तेव्हापासून आहे. उसनवारी आणि उचलेगिरी यांत फरक असतो तो या एका ओळीचा.

गौहर जान ही गोष्ट पुरती ओळखून होती. १९०२ साली कलकत्त्यात तिने ग्रामोफोनसाठी गाणे दिले, आणि शेवटी इंग्रजीत स्वतःचे नाव खणखणीत उच्चारले. तबकड्या छापल्या जायच्या दूर जर्मनीत. तिथल्या माणसांना गाणारी कोण ते कळावे, म्हणून. आजच्या यंत्राच्या कात्रीखाली पहिला जातो तो नेमका हाच तुकडा!

हे केवळ गरीब ओवीवालीच्याच वाट्याला येते असे समजू नका. अमेरिकेच्या लोलिएटा हॉलोवेने १९८० साली एक गाणे गायिले. १९८९ साली ब्लॅक बॉक्स या इटालियन मंडळींनी तिचा आवाज कापून ‘राइड ऑन टाइम’ बनविले. ते इंग्लंडात सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. दूरदर्शनच्या पडद्यावर मात्र ओठ हलवीत होती एक मॉडेल! हॉलोवेबाईंना आपल्याच गळ्यासाठी वकील गाठावा लागला.

आपल्या कायद्यानेही २०१२ साली गाणाऱ्याला आपले नाव सांगण्याचा हक्क दिला. पण वापराच्या पद्धतीमुळेच नाव गाळावे लागले तर चालेल, अशी एक फटही ठेवली. त्या फटीतून सगळी वरात निघते! चार सेकंदांच्या तुकड्याला नाव कुठे लावायचे, असे विचारतात. अहो, गाण्याखाली ध्वनिमुद्रकाच्या नावाला जागा असते, मुखपृष्ठ काढणाऱ्याच्या नावाला असते. मग गळ्याच्याच नावाला कशी नसते? हेमा रायरकर आणि गी प्वातवँ यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि गाणाऱ्या बायांची नावे-गावेही टिपून ठेवली. मनात असले की जागा सापडते.

यंत्राशी माझे वैर नाही. पेटीलाही एके काळी लोकांनी नाके मुरडलीच होती. पण पेटी कुणाच्या घशातून निघत नाही. आवाज माणसाचा असतो.

पुतण्याला आता हवी आहे माझ्या आईची कॅसेट. तिच्या भूपाळ्या आहेत तीत. मी देणार आहे. त्याने तिचे तुकडे करावेत, पट्टी चढवावी, तरुण पोरांनी तिच्यावर नाचावे. आईला हसूच आले असते. अट एकच : खाली तिचे नाव हवे, आणि चार पैसे मिळालेच तर तिच्या गावच्या शाळेला त्यातला वाटा हवा.

वाचकहो, शेजारणीकडून आलेले फराळाचे ताट आपण रिकामे परत धाडीत नाही. निदान चिमूटभर साखर तरी घालतो. मग कुणाच्या गळ्यातला गोडवा खाऊन ताट पुसून ठेवणाऱ्याला काय म्हणावे, ते तुम्हीच ठरवा.