विश्लेषण : ऑलिम्पिक पदकाची वाट पेव्हर ब्लॉकवर का अडते? नवी मुंबईतील स्केटबोर्डिंगचा प्रश्न काय?

संध्याकाळी रेल्वे स्थानकाबाहेरच्या गुळगुळीत फरशीवर चाकांचा खडखडाट होतो, पाठोपाठ सुरक्षारक्षकाची शिट्टी वाजते आणि मुले बोर्ड काखेत मारून पुढची जागा शोधू लागतात. नवी मुंबईत स्केटबोर्डवर वाढलेल्यांना हे दृश्य पाठ आहे. प्रस्तुत प्रतिनिधीही त्यांतलाच एक. मात्र दरम्यानच्या काळात हा खेळ ऑलिम्पिकमध्ये पोहोचला आणि तिथली पदके शाळकरी मुली जिंकू लागल्या. त्यामुळे ‘ही पोरे कुठे खेळणार’ हा प्रश्न आता केवळ सोसायटीच्या तक्रारवहीपुरता राहिलेला नाही.

ऑलिम्पिकमध्ये हा खेळ कधी आला?

2018च्या जकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत स्केटबोर्डिंगचा समावेश झाला आणि 2021मध्ये झालेल्या टोक्यो ऑलिम्पिकमध्ये त्याने पदार्पण केले. ‘स्ट्रीट’ आणि ‘पार्क’ असे त्याचे दोन प्रकार आहेत. स्ट्रीटमध्ये पायऱ्या, कठडे, लोखंडी रेलिंग, म्हणजे शहरातल्या रस्त्यावर दिसणाऱ्याच गोष्टी उभारलेल्या असतात. पार्कमध्ये वाडग्यासारख्या खोलगट, उताराच्या रचनेवर कसरती करायच्या असतात. गुण परीक्षक देतात आणि फरक किती सूक्ष्म असतो, हे पॅरिसमध्ये 2024 साली दिसले. जपानच्या युतो होरिगोमेने पुरुषांच्या स्ट्रीट प्रकारात 281.14 गुणांसह सुवर्ण राखले. अमेरिकेचा जॅगर ईटन 281.04 गुणांवर राहिला.

विजेते इतके लहान कसे?

टोक्योत महिलांच्या स्ट्रीट प्रकारात सुवर्ण जिंकणारी मोमिजी निशिया आणि रौप्य जिंकणारी रायसा लियाल या दोघीही 13 वर्षांच्या होत्या. पॅरिसमध्ये स्ट्रीटचे सुवर्ण कोको योशिझावाने आणि पार्कचे सुवर्ण ऑस्ट्रेलियाच्या अरिसा ट्रूने मिळवले. त्या दोघी 14 वर्षांच्या. लहान शरीराचा गुरुत्वमध्य खाली असतो आणि पडण्याची भीतीही कमी असते, हे एक कारण. दुसरे कारण साधे आहे. या मुली पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून रोज बोर्डवर आहेत. भारत 2036च्या ऑलिम्पिक यजमानपदासाठी इच्छुक आहे. त्या वर्षी 14 वर्षांची होणारी मुलगी 2022मध्येच जन्मली आहे.

आदर्श खेळाडूमुळे काय घडते?

नव्वदच्या दशकात जन्मलेल्या अनेक भारतीय मुलांना टोनी हॉक प्रथम भेटला तो संगणकावर. या अमेरिकी स्केटबोर्डपटूने 1999च्या एक्स गेम्समध्ये हवेत अडीच गिरक्या घेण्याची ‘900’ ही कसरत साधली. त्याच वर्षी त्याच्या नावाचा व्हिडीओ गेम आला. पुढे परीचा निळा पोशाख घालून बोर्डवर उडी मारणाऱ्या सात वर्षांच्या रायसाची चित्रफीत हॉकनेच जगापुढे नेली. तीच रायसा सहा वर्षांनी ऑलिम्पिक पदक घेऊन उभी राहिली.

आपल्याकडचे उदाहरण पुण्याचे आहे. सुरक्षारक्षकाची मुलगी असलेल्या श्रद्धा गायकवाडने 2022च्या गुजरात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत महाराष्ट्रासाठी स्केटबोर्डिंगचे सुवर्ण जिंकले. मध्य प्रदेशातील पन्ना जिल्ह्यातल्या जनवार गावात 2015मध्ये स्केटपार्क उभा राहिला आणि तिथली आशा गोंड 2018च्या जागतिक स्पर्धेसाठी चीनमधील नानजिंगला गेली. आदर्श खेळाडू उत्सुकता जागवतो. पण ती टिकण्यासाठी पायाखाली जमीन लागते.

मैदाने आहेत, मग अडचण काय?

अडचण पृष्ठभागाची आहे. स्ट्रीट स्केटबोर्डची चाके साधारण 50 ते 54 मिलिमीटर व्यासाची आणि टणक असतात. पदपथावरच्या पेव्हर ब्लॉकमधील फटी, उखडलेले कोपरे किंवा बारीक खडी लागली की चाक थांबते, माणूस मात्र थांबत नाही. उडी मारण्याचे मूळ तंत्र म्हणजे ‘ऑली’. त्यात मागच्या पायाने बोर्डची शेपटी जमिनीवर आपटून पुढच्या पायाने तो हवेत सपाट करायचा असतो. त्यासाठी आधी वेग हवा आणि वेगासाठी सलग, गुळगुळीत काँक्रीट.

दुसरा घोळ ‘स्केटिंग रिंक’ या शब्दाचा. चाकांच्या बुटांवरील शर्यतीसाठी सपाट रिंक पुरते. स्केटबोर्डला उतार, पायऱ्या आणि कडा लागतात. दोन्ही खेळ रोलर स्केटिंग महासंघाच्या छत्राखाली येत असले, तरी त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत. त्यात पावसाळ्याचे चार महिने बेअरिंग गंजते आणि लाकडी पातळ थरांचा बोर्ड फुगतो. म्हणून थोडी जागा छताखालीही हवी.

सुरक्षारक्षकांचा विरोध चुकीचा आहे का?

पूर्णपणे नाही. बोर्ड घासून कठड्यांच्या कडा तुटतात, गर्दीत सुटलेला बोर्ड ज्येष्ठांच्या पायावर आदळू शकतो आणि अपघात झाल्यास जबाब पहाऱ्यावरच्या माणसालाच द्यावा लागतो. हेल्मेटशिवाय खेळणारी मुलेही कमी नाहीत. पण मुले तिथे येतात, कारण सिडकोने आखलेल्या या शहरात स्थानकांबाहेरची प्रशस्त आवारेच त्यांना सर्वाधिक सोयीची वाटतात. वांद्र्याच्या कार्टर रोडवर स्केटपार्क आहे. मात्र दहा वर्षांच्या मुलीला हार्बर मार्गाने, वडाळ्याला गाडी बदलून रोज तिथे पाठवणारे पालक किती असतील?

उपाय किती मोठा?

ऑलिम्पिक दर्जाचे संकुल लगेच हवे असे नाही. प्रत्येक नोडमधील एखाद्या उद्यानाच्या किंवा उड्डाणपुलाखालच्या कोपऱ्यात गुळगुळीत काँक्रीट, लोखंडी कडा बसवलेला एक ओटा, दोन-तीन उतार, दिवे आणि हेल्मेटची सक्ती एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. मात्र आराखड्याच्या वेळी स्केटबोर्ड चालवणाऱ्यांना बोलावले पाहिजे. उताराचा कोन चुकला, तर पैसे खर्च होऊनही जागा ओस पडते. आणि मुले पुन्हा स्थानकाबाहेर, शिट्टीच्या टप्प्यात येतात.