सगळ्या शिक्षा एकत्र भोगायच्या!

निकालपत्राच्या शेवटी एक ओळ असते. आरोपीने सर्व शिक्षा एकत्रित भोगावयाच्या आहेत. पेपरवाला ती छापत नाही, वकील ती समजावून सांगत नाही, आणि आपला फिर्यादी 'शिक्षा झाली' एवढं ऐकूनच कोर्टाच्या पायऱ्या उतरतो. मित्रांनो, मी म्हणतो त्या ओळीपाशी थांबा. आपल्याला तिथंच लुटलंय.

हिशेब करू. समजा, आपल्या घनसावंगीकडच्या एखाद्या गावात रात्री पाचजण बौद्धवाड्यात शिरले. घरात घुसले, कुऱ्हाडीनं एकाचा हात तोडला, जातीवरून आईबहीण काढली. साक्षीदार फुटले नाहीत आणि गुन्हा शाबीत झाला, हेच मोठं नवल! हाताला पाच वर्षं, घरात घुसल्याला एक, ॲट्रॉसिटीच्या कलमाला एक. बेरीज सात. जेलात किती? पाच. मग जातीचे दिवस किती झाले? शून्य. जात निकालपत्रात आहे, जेलात नाही.

कोर्ट म्हणतं, घटना एकच होती, म्हणून शिक्षा एकत्र. घटना एक असंल. पण हात तोडला तो एका माणसाचा, आणि जात काढली ती अख्ख्या वस्तीची. दोन्ही एकाच पायलीत मोजायचं होतं तर १९८९ चा कायदा कशापायी केला? मारहाणीचं कलम काय आधी नव्हतं?

आणि हे एकत्र भोगणं काही कायद्यानं लादलेलं नव्हतं बरं का. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ३१ उलटंच सांगत होतं : एक शिक्षा संपली की दुसरी सुरू. एकत्र भोगू द्यायच्या असतील तर कोर्टानं तसा हुकूम करायचा. सवलत होती, तिचा रिवाज झाला. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता आली. तिचं कलम २५ म्हणतं, गुन्ह्याचं गांभीर्य बघून कोर्टानंच ठरवावं, एकत्र की एकामागून एक.

गांभीर्य! ते कोण बघणार? २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत एका घरातली चार माणसं मारली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहाजणांना फाशी दिली, दोघांना जन्मठेप; पण ॲट्रॉसिटीचं कलम लागत नाही म्हणाले. २०१० मध्ये नागपूर खंडपीठानं त्याची पंचवीस वर्षांची जन्मठेप केली. तिथं एकत्र भोगायलासुद्धा जातीची शिक्षा नव्हती.

आता दुसरी बाजू बघा, म्हंजे पायाखालची वाळू सरकंल. उत्तर प्रदेशात हापूरला एका गरीब माणसावर वीज खात्याचं सामान चोरल्याच्या नऊ केसेस. प्रत्येकीत दोन वर्षं. एकत्र भोगायचा हुकूम कोणी केला नाही, कोणी मागितला नाही. जेलवाल्यांनी बेरीज केली : अठरा वर्षं! हायकोर्टानं हात वर केले. १६ डिसेंबर २०२२ ला सुप्रीम कोर्टानं त्याला सोडवलं. तारा चोरणाऱ्याला बेरीज येते आणि वस्तीवर चालून येणाऱ्याला येत नाही, हे गणित कोणत्या शाळेतलं?

म्हणून मी सरसकट 'सगळ्या गंभीर गुन्ह्यांना एकामागून एक शिक्षा' म्हणणाऱ्यांच्या रांगेत उभा नाही. तसा कायदा झाला तर पहिली पोरं कोणाची आत जातील? देशातल्या शिक्षा झालेल्या कैद्यांत दर शंभरात वीसाहून जास्त अनुसूचित जातींचे आहेत; २०११ च्या जनगणनेत आपण १६.६. पारध्यांचं तर बोलायलाच नको. गुन्हेगार जमातींचा कायदा १९५२ ला गेला, फौजदाराच्या डोक्यातून गेला नाही. त्यांच्या पोरावर पाच ठाण्यांत पाच केसेस टाकणं किती सोपं आहे!

आपली मागणी नेमकी हवी. ॲट्रॉसिटीच्या कलमाखालची कैद मूळ गुन्ह्याच्या कैदेनंतर वेगळी भोगायची. आणि चोरीचपाटीच्या केसेसमधल्या शिक्षा, कोर्टानं वेगळं कारण लिहिलं नाही तर, एकत्र. जन्मठेपेवर जन्मठेप चढत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच सांगितलंय. माणसाला जन्म एकच. पण दोनचार-पाच वर्षांच्या शिक्षांना ही अडचण नाही, आणि गावोगावचे गुन्हे तिथंच मोडतात.

राज्य सरकार म्हणंल, हे दिल्लीचं काम. खोटं! फौजदारी प्रक्रिया समवर्ती सूचीत आहे. डिसेंबर २०२१ मध्ये याच विधिमंडळानं शक्ती विधेयक मंजूर करून राष्ट्रपतींकडे धाडलं होतं. तवा जमलं, आता का जमत नाही?

कुणी म्हणंल, आरोपी सुटतातच, शिक्षेचं काय घेऊन बसलात. खरंय, २०१४ च्या खर्ड्याच्या खुनातले आरोपी २०१७ ला सुटले. ती लढाई मोठी आहे. पण जिथं आपण जिंकतो तिथंही रिकाम्या हातानं यायचं का?

कायदा होईस्तोवर एक हत्यार हाताशी आहे. २०१५ च्या दुरुस्तीनं कलम १५-अ आलं. त्याच्या पाचव्या पोटकलमाप्रमाणं शिक्षेच्या वेळी पीडिताला किंवा त्याच्या वारसाला आपलं म्हणणं मांडायचा हक्क आहे. दोषी ठरवल्यावर शिक्षेवर युक्तिवाद होतो, बहुतेकदा दहा मिनिटांत उरकतो, तेव्हाच उभं राहायचं. सरकारी वकिलावर सोडायचं नाही. लेखी द्यायचं : ॲट्रॉसिटीची शिक्षा वेगळी भोगावी, आणि नसंल तर का नाही हे निकालात लिहावं. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा, कुठल्याही तालुक्यातली केस निकालाला आली असंल तर तारखेच्या आठ दिवस आधी कळवा. अर्ज मिळून लिहू.