विश्लेषण : ऑनलाइन अर्जातली जमीन मध्येच गायब कशी होते? ‘टाइप-सेफ सिग्नल’ काय साधतात?

भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील आंधळगाव हा धान आणि कोशाच्या कापडाचा परिसर. इथल्या शेतकऱ्याची बरीच कामे आता मोबाइलवर आली आहेत. सातबारा ऑनलाइन मिळतो, पिकाची नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत होते आणि हमीभावाने धान विकण्यासाठीही ऑनलाइन नोंदणी लागते. या प्रत्येक टप्प्यावर जमिनीचा आकडा एका प्रोग्रामकडून दुसऱ्याकडे जातो. तो वाटेत बिघडू नये, यासाठी जगभरातील वेब प्रोग्रामर ज्या पद्धतीकडे वळत आहेत, तिचे नाव ‘टाइप-सेफ सिग्नल’.

सिग्नल म्हणजे काय?

वेब पान म्हणजे एकच मोठा प्रोग्राम नसतो. क्षेत्र भरण्याचा रकाना, बेरीज करणारा भाग, पावती दाखवणारा भाग असे त्याचे अनेक तुकडे असतात. त्यांना ‘ऑब्जेक्ट’ म्हणतात. रकान्यात आकडा बदलला की तो भाग ‘क्षेत्र बदलले’ असा निरोप सोडतो. हा निरोप म्हणजे सिग्नल. ज्यांना त्यात रस आहे ते भाग आधीच नाव नोंदवून ठेवतात आणि निरोप येताच आपले काम करतात. निरोप सोडणाऱ्याला ऐकणारा कोण, हे माहीत असण्याची गरज नसते. त्यामुळे एक भाग बदलला तरी दुसऱ्याला हात लावावा लागत नाही.

मग चूक कुठे होते?

समजा, आंधळगावातील एका शेतकऱ्याचे दोन गट आहेत. एक १.२० हेक्टरचा, दुसरा ०.८० हेक्टरचा. बेरीज २ हेक्टर व्हायला हवी. पण ब्राउझरमधील रकाना आकडा नव्हे, तर ‘मजकूर’ देतो. जावास्क्रिप्ट भाषेत दोन मजकुरांची ‘बेरीज’ म्हणजे ते शेजारी शेजारी चिकटवणे. उत्तर येते ‘१.२००.८०’. पुढच्या भागाने त्यातून आकडा काढायचा प्रयत्न केला, तर जावास्क्रिप्टची एक नेहमीची पद्धत दुसऱ्या टिंबापाशी थांबते आणि १.२ हे उत्तर देते. पडद्यावर लाल अक्षरातली सूचना नाही, अर्ज अडकला नाही, फक्त ०.८० हेक्टर गायब. धान खरेदीत हेक्टरी मर्यादा असते. त्यामुळे ही चूक केंद्रावर पोती मोजताना उघड होते. तोवर धान ट्रॅक्टरमध्ये भरलेले असते.

‘टाइप-सेफ’ केल्याने काय बदलते?

‘टाइप’ म्हणजे माहितीचा प्रकार : आकडा, मजकूर, तारीख. टाइप-सेफ सिग्नलमध्ये ‘या निरोपातून आकडाच जाईल’ असा करार आधी लिहिलेला असतो. कोणी मजकूर पाठवणारा प्रोग्राम लिहिला, तर तो लोकांपर्यंत पोहोचण्याआधी, प्रोग्रामरच्या संगणकावरच चूक दाखवली जाते. कल्पना नवी नाही. सी प्लस प्लस भाषेतील ‘क्यूटी’ या साधनात पूर्वी सिग्नलचे नाव मजकूर म्हणून लिहावे लागे. चूक प्रोग्राम चालवल्यावरच कळे. डिसेंबर २०१२ मधील पाचव्या आवृत्तीत ही तपासणी आधीच होण्याची सोय आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने जावास्क्रिप्टला प्रकारांची शिस्त लावणारी टाइपस्क्रिप्ट भाषा जाहीर केली.

हेक्टर आणि एकर, दोन्ही आकडेच ना?

खरी मेख इथे आहे. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असते, बोलण्यात मात्र एकर. १.२० हेक्टर म्हणजे जवळपास तीन एकर. हाच आकडा एकर समजून वाचला, तर जमीन निम्म्याहूनही कमी होते. ‘नासा’चे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी अशाच घोळात हरवले. एक प्रणाली पाउंडात आकडे देत होती, दुसरी ते न्यूटनमधील समजत होती. उपाय असा की हेक्टर आणि एकर यांना वेगवेगळे टाइप मानायचे. मग रूपांतर केल्याशिवाय एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही.

आताच चर्चा का?

जावास्क्रिप्टचे नियम ठरवणाऱ्या टीसी३९ समितीने एप्रिल २०२४ मध्ये सिग्नल भाषेतच आणण्याचा प्रस्ताव पहिल्या टप्प्यावर विचारात घेतला. या नव्या सिग्नलमध्ये निरोपासोबत ताजी किंमतही साठवलेली असते. गुगलच्या अँग्युलरने २०२३ मध्ये सोळाव्या आवृत्तीत असे सिग्नल आणले. ऑगस्ट २०२५ मध्ये टाइपस्क्रिप्ट ही गिटहबवर सर्वाधिक वापरली जाणारी भाषा ठरली.

मर्यादा कोणत्या?

टाइपस्क्रिप्टचे करार प्रोग्राम तयार होताना तपासले जातात; प्रत्यक्ष चालताना ते उरत नाहीत. सर्व्हरवरून किंवा दुसऱ्या खात्याच्या प्रणालीतून येणारी माहिती वेशीवरच पुन्हा तपासावी लागते. शिवाय मूळ नोंदच चुकीची असेल, तर कोणताही टाइप ती दुरुस्त करत नाही. त्यासाठी तलाठी कार्यालयच गाठावे लागते.

पण योग्य भरलेला आकडा योग्यच पोहोचावा, एवढी हमी ही पद्धत बरीचशी देऊ शकते. सरकारी पोर्टलचे कंत्राट देताना ‘पान किती वेगाने उघडते’ याबरोबर ‘माहितीचे प्रकार कुठे तपासले जातात’ हा प्रश्नही विचारायला हवा. शेतकऱ्याच्या हाती तूर्तास एकच उपाय आहे : अर्ज पाठवण्याआधी पावतीवरील एकूण क्षेत्र सातबाऱ्याशी ताडून पाहणे.