मक्याच्या वाटेने मेक्सिको

मेक्सिकोला जाऊन आलेल्या मराठी माणसांच्या छायाचित्रांत तीन गोष्टी हमखास दिसतात : कानकूनचा निळाशार समुद्र, चिचेन इत्साचा पिरॅमिड आणि फुलाफुलांनी रंगवलेली कवटी. अमेरिकेत स्थायिक झालेल्या कुटुंबांना हा प्रवास फारच सोयीचा पडतो. अमेरिकेचा वैध व्हिसा हाती असला की भारतीय पर्यटकाला मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही, आणि ह्यूस्टनहून कानकून विमानाने जेमतेम अडीच तासांवर आहे. अशा सहलींत वावगे काही नाही. पण कानकून हे मेक्सिकोच्या सरकारने १९७०च्या दशकात परकीय चलन मिळावे म्हणून मुद्दाम वसवलेले शहर आहे, पिरॅमिड बांधणाऱ्या माया लोकांचे वंशज तिथल्या हॉटेलांत राबतात, आणि कवटीमागच्या सणाशी आपली ओळख बहुतेक सिनेमाने करून दिलेली असते. एखाद्या देशाचे कौतुक करायचे तर तिथल्या माणसांनी जी विद्या पिढ्यान्‌पिढ्या कमावली आणि आजही रोजच्या वापरात ठेवली, तिचे करावे, असे मला वाटते. मेक्सिकोत ही विद्या सर्वात आधी भेटते ती मक्यात.

मका हे माणसाने घडवलेले पीक आहे. त्याचे कणीस स्वतःहून बी झाडत नाही; कोणी दाणे सोडवून पेरले नाहीत तर ही वनस्पतीच संपेल. सुमारे नऊ हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोतल्या बाल्सास नदीच्या खोऱ्यात लोकांनी तेओसिंते नावाच्या गवतातून तो निवडत निवडत आणला. त्या गवताच्या बोटभर कणसात टणक कवचाचे मोजकेच दाणे असतात. आज मेक्सिकोत मक्याचे साठेक देशी वंश आहेत. पांढरे, पिवळे, लाल, निळे, कोणी डोंगरउतारावर येणारे, कोणी कोरड्या रानात तगणारे. शेताची जुनी पद्धत म्हणजे मिल्पा : मक्याच्या ताटावर घेवडा चढतो, खाली भोपळ्याचे वेल जमीन झाकतात. मग स्वयंपाकघर. संध्याकाळी मक्याचे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर त्यातच मुरू देतात. सकाळपर्यंत पाणी पिवळे झालेले असते, दाणे फुगलेले असतात आणि हाताने चोळले की साल सुटून येते. दोन-तीन पाण्यांनी धुऊन ते मेतातेवर, म्हणजे ज्वालामुखीच्या खडकाच्या तीन पायांच्या उतरत्या पाट्यावर, गुडघे टेकून वाटायचे. शहरांत हे काम आता गिरणी करते. अशा मक्याला निश्तामाल म्हणतात. चुन्यामुळे त्या वाटणाला चिकटपणा येतो, म्हणून तोर्तिया, म्हणजे तिथली मक्याची पोळी, पातळ थापली तरी फाटत नाही. नुसत्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना कडेने कशी तडकते, हे आपल्याकडच्या घरांत ठाऊक आहे.

चुन्याचे काम चिकटपणावर थांबत नाही. मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व असे बांधलेले असते की ते शरीराला सहजी मिळत नाही. चुन्याच्या पाण्याने ते मोकळे होते, शिवाय अन्नात कॅल्शियमची भर पडते. कोलंबसानंतर स्पेनने मका युरोपात नेला, दाणे जहाजांवर चढले, कृती मेक्सिकोतच राहिली. पुढे जिथे जिथे गरिबांचे पोट नुसत्या मक्यावर आले, तिथे पेलाग्रा नावाचा आजार पसरला : कातडी सोलपटते, जुलाब लागतात, बुद्धी भ्रमिष्ट होते आणि माणूस मरतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या वैद्याने १७३५ मध्ये त्याची लक्षणे टिपली, उत्तर इटलीची खेडी त्याने पोखरली, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत हजारो माणसे त्याने दगावली. दोष आहाराचा आहे हे डॉक्टर जोसेफ गोल्डबर्गरने १९१०च्या दशकात दाखवले, तरी नायसिनचा शोध लागायला १९३७ उजाडले. आणि मेक्सिकोतल्या खेड्यापाड्यांतल्या बायका हजारो वर्षे ज्या पाण्यात मका भिजवत आल्या होत्या, त्यात या आजाराचे उत्तर होते. परक्या संस्कृतीची वस्तू उचलली आणि ती घडवणाऱ्यांना विचारले नाही, तर काय किंमत मोजावी लागते याचा याहून मोठा पुरावा मला ठाऊक नाही.

यावर पहिला आक्षेप असा येईल की संस्कृती सतत बदलते, मिसळते. मग मूळ आणि उसने असा भेद कशाला करायचा? बदलाबद्दल हा आक्षेप बरोबर आहे. मेक्सिको सिटीतला ताको अल पास्तोर हा लेबनॉनहून आलेल्या लोकांच्या शावर्म्यातून जन्मला आणि त्याला कोणी परका म्हणत नाही. आपला दसरा ज्या झेंडूवाचून सुना वाटतो, तो मूळचा मेक्सिकोचा. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात आणि १ व २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, घरच्या ओफ्रेंदाकडे, म्हणजे मृतांसाठी मांडलेल्या वेदीकडे, त्याच्या पाकळ्यांची वाट आखतात, म्हणजे गेलेली माणसे वास घेत घरी येतील. शेजारी पाणी, मीठ, पाव आणि त्या माणसाच्या आवडीचा पदार्थ. मेक्सिको सिटीची भव्य मिरवणूक मात्र २०१५च्या जेम्स बॉण्ड चित्रपटातल्या प्रसंगावरून सुचली आणि २०१६ पासून निघू लागली. तीही आता तिथल्या लोकांची झाली आहे, आणि ती पाहणाऱ्याने काही गुन्हा केलेला नाही. फरक देण्याघेण्याच्या रीतीत आहे. लेबनॉनचा माणूस मेक्सिकोत राहिला, तिथलाच झाला. याउलट २०१३ मध्ये डिस्नेने या सणाच्या नावाचाच ट्रेडमार्क मागितला होता आणि लोक संतापल्यावर अर्ज मागे घेतला. २०१९ मध्ये मेक्सिकोच्या संस्कृतिमंत्र्यांनी कॅरोलिना हेरेरा या फॅशन कंपनीला पत्र लिहून विचारले की हिदाल्गो राज्यातल्या तेनांगोच्या भरतकामासारखे नमुने तुमच्या कपड्यांवर कसे आले आणि त्या गावांना त्याचे काय मिळणार. २०२२ मध्ये आदिवासी आणि आफ्रिकी-मेक्सिकन समाजांच्या सांस्कृतिक वारशाच्या रक्षणासाठी संघराज्याचा कायदाच झाला. देवाणघेवाण खुशाल व्हावी. मात्र समोरच्याचे नाव आणि वाटा बुडता कामा नये.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे आणि तो जास्त वजनाचा आहे. सुटी आठ-दहा दिवसांची, खर्च लाखांत, बरोबर मुले आणि वयस्क आईवडील. अशा कुटुंबाने संशोधकासारखे हिंडावे अशी अपेक्षा का करावी? शिवाय पर्यटनावर मेक्सिकोतले लाखो लोक जगतात, आणि टोळ्यांच्या हिंसाचाराच्या बातम्या वाचून कोणी हॉटेलाच्या आवारात राहणे पसंत केले तर त्याला दोष कसा द्यायचा? सुरक्षिततेची काळजी रास्त आहे. काही राज्ये आज खरोखरच टाळावीत अशी आहेत. पण देश मोठा आहे, आणि राजधानी किंवा वाहाका शहर पाहणे म्हणजे जीव धोक्यात घालणे नव्हे. पैशाच्या मुद्द्याबाबत एवढेच म्हणेन की तो कुठे जातो हे पाहावे. सगळे काही आत मिळणाऱ्या रिसॉर्टमध्ये भरलेल्या रकमेतला किती भाग शेजारच्या माया गावात पोहोचतो? गर्दीही निरुपद्रवी नसते. जुलै २०२५ मध्ये मेक्सिको सिटीच्या कोंदेसा भागात लोक रस्त्यावर उतरले, कारण परदेशी रहिवासी आणि अल्पमुदतीच्या भाड्याच्या घरांमुळे त्यांनाच तिथे राहणे परवडेनासे झाले होते.

अपेक्षा खरे तर लहान आहे. राजधानीतले १९६४ साली उघडलेले राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालय घ्या. तळमजल्यावर पुरातन संस्कृती, अ‍ॅझ्टेकांचा सूर्यपाषाण. वरच्या मजल्यावर आज हयात असलेल्या आदिवासी समाजांची घरे, वस्त्रे, अवजारे. दालन चुकवायचेच असेल तर खालचे एखादे चुकवावे, पण वर जावे. या देशात स्पॅनिशखेरीज ६८ भाषा-समूहांना सरकारी मान्यता आहे, हे वर गेल्यावरच मनावर ठसते. पुढे बाजारात तोर्तियाच्या दुकानापाशी निश्तामालची कोणती आणि पाकिटातल्या पिठाची कोणती, हे विचारावे. हा प्रश्न साधा दिसतो, पण तो थेट राजकारणात नेतो. १९९४च्या उत्तर अमेरिकी मुक्त व्यापार करारानंतर अमेरिकेचा स्वस्त मका येऊ लागला आणि लहान शेतकरी मोडला. ‘मका नाही तर देश नाही’ अशी तिथल्या आंदोलनाची घोषणा आहे. मार्च २०२५ मध्ये मेक्सिकोने जनुकबदल केलेल्या मक्याच्या लागवडीवर बंदी घालणारी दुरुस्ती राज्यघटनेत केली. विदर्भ-मराठवाड्यात बीटी कापसावरून बियाण्याचा वाद ज्यांनी जवळून पाहिला, त्यांना हा लढा समजायला दुभाषा लागणार नाही.

आणि या वाटेने आपल्यातला एक माणूस शंभर वर्षांपूर्वीच गेला आहे. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे, गदर चळवळीतले क्रांतिकारक, इंग्रजांपासून दूर राहत १९२४ मध्ये मेक्सिकोत पोहोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. त्यांनी मक्याच्या वाणांवर काम केले, तेओसिंतेशी संकर करून पाहिले, आणि विज्ञान शेतकऱ्याच्या बांधापर्यंत न्यावे म्हणून मुक्त कृषिशाळा काढल्या. छायाचित्रकार टीना मोदोत्तीने त्यांच्या कामाची छायाचित्रे काढली. चित्रकार दिएगो रिव्हेराने शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रंगवलेल्या ‘आमची भाकरी’ या चित्रात जेवणाच्या टेबलाशी बसून भाकरी मोडणारा माणूस खानखोजेच आहे. स्वातंत्र्यानंतर ते परतले आणि १९६७ मध्ये नागपुरात वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये बसला. मंत्रालयाची ती इमारत राजधानीच्या मुख्य चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे आणि २०२४ पासून भित्तिचित्रांचे संग्रहालय म्हणून लोकांना खुली आहे. चापिंगो हे राजधानीच्या पूर्वेला टेक्सकोकोजवळ आहे. त्याच परिसरात गहू-मक्याचे ते आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, ज्याच्याशी नॉर्मन बोरलॉग यांचे नाव जोडलेले आहे. त्यांनी मेक्सिकोत घडवलेल्या बुटक्या गव्हाचे १८ हजार टन बियाणे भारताने १९६६ मध्ये मागवले होते. कानकूनचे विमान पकडण्याआधी मराठी प्रवाशाने राजधानीत दोन दिवस काढून मंत्रालयाची ती इमारत आणि चापिंगो ही दोन ठिकाणे पाहावीत, आणि जेवायला अशा ठिकाणी बसावे जिथे मका रात्री चुन्यात भिजत घातलेला असतो.