फट कसली ते बघा, मग फोमचा डबा घ्या



आमच्या निफाड पट्ट्यात थंडीत पारा ५-६ अंशांवर येतो. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून आपण रात्री बागेत शेकोट्या करतो, आणि घरात मात्र चौकटीच्या फटीतून वारा शिरतो, म्हातारी माणसं कुडकुडतात. त्यावर आता पीयू फोमचा डबा निघालाय. नळी लावायची, दाबायचं, फेस फुगतो आणि फट बंद. वस्तू कामाची आहे, माझी तक्रार नाही. पण दिसेल त्या भोकात फोम मारत सुटायचं, हे मला पटत नाही.

माझा हिशोब सरळ आहे. बोट न जाणारी बारीक चीर असेल तर सिलिकॉन किंवा पुट्टी. एक-दोन बोटं जातील अशी फट असेल तर फोम. मूठ जाईल एवढं भगदाड असेल तर वीट आणि सिमेंट. भगदाडात डबेच्या डबे ओतणं म्हणजे पैसे वाया.

फोममध्येही प्रकार आहेत. दरवाजा-खिडकीच्या चौकटीला कमी फुगणारा मागा. जास्त फुगणारा फोम चौकट आत दाबतो, मग दार अडकतं. डब्यावर 'लो एक्स्पान्शन' असं काही लिहिलंय का ते बघा. ७५० मिलीच्या डब्यावर ४०-४५ लिटर फेस असं लिहिलेलं असतं, पण तो मोकळ्यावर फुगलेला. फटीत तेवढा होत नाही. तरी फट निम्मीच भरा, उरलेली तो फुगून भरतो.

मारायच्या आधी धूळ झाडा आणि पाण्याचा हलका फवारा द्या. हा फोम ओलाव्यावरच पक्का होतो, कोरड्या धुळीला धरत नाही. फवाऱ्याला औषधाचा पंप वापरू नका, साधी बाटली घ्या. डबा चांगला हलवून उलटा धरा. हातमोजे आणि चष्मा लावा, दारं-खिडक्या उघड्या ठेवा. ओला फोम कातडीला चिकटला की दिवसेंदिवस निघत नाही, आणि वाफ छातीला बाधते. दमेकऱ्यानं तर लांबच राहावं. पुरता वाळायला एक दिवस द्या, मग जादा भाग सुरीनं कापा. बाहेरच्या बाजूला वरून गिलावा किंवा रंग पाहिजेच. उन्हानं फोम पिवळा पडतो आणि भुगा होऊन गळतो.

आता उंदराचं. घरातला लहान उंदीर पाव इंचाच्या फटीतून आत येतो आणि फोम कुरतडायला त्याला काही वेळ लागत नाही. उंदीर आला की त्याच्यामागं साप येतो. म्हणून जमिनीलगतच्या भोकात आधी बारीक लोखंडी जाळी कोंबा, वरून सिमेंट. धान्याच्या खोलीला नुसत्या फोमवर विसंबू नका.

चूल, धुराडं आणि पाणी तापवायचा बंब यांच्याजवळ हा फोम नको. वाळलेला फोमही पेट घेतो. डब्यातला वायू तर बहुतेक वेळा ज्वालाग्राहीच असतो, म्हणून मारताना चूल, गॅस, बिडी सगळं बंद. काही फोम आगीला जास्त वेळ दाद देत नाहीत, पण तेही चुलीच्या धगीसाठी नाहीत. ज्या घरात कापूस साठवलेला असतो तिथं तर दुप्पट काळजी घ्या. डबाही उन्हात, गाडीत किंवा पत्र्याखाली तापत ठेवू नका, फुटतो.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. प्रत्येक फट वाईट नसते. पत्रा आणि भिंत यांच्यामधल्या वरच्या मोकळ्या जागेतून उन्हाळ्यात गरम हवा बाहेर जाते, तिथं जाळी लावा, बुजवू नका. स्वयंपाकघरातली हवेची वाट उघडीच पाहिजे. सगळ्या फटी बुजवून रात्री खोलीत कोळशाची शेगडी ठेवली तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास ना रंग. झोपलेलं माणूस झोपेतच जातं. थंडीनं माणूस कुडकुडतं, पण या वायूनं सगळं घर संपतं. शेगडी बाहेर अंगणात पेटवा, आत आणू नका. कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लांना ऊब द्यायला कोळसा वापरता तिथंही हेच. पडदे खाली बांधा, वरून हवा खेळती ठेवा. नाहीतर धूर आणि लिटरचा अमोनिया पिल्लांना खातो. कांदा चाळीत तर फोम नेऊच नका, कांदा वाऱ्यावरच टिकतो.

म्हणून माझं म्हणणं, दुकानात जायच्या आधी घराभोवती एक फेरी मारा. कुठली फट वाऱ्याची, कुठली उंदराची आणि कुठली श्वासाची, ते ठरवा. पहिलीला फोम, दुसरीला जाळी-सिमेंट, तिसरीला हात लावू नका.

तुमच्या भागात मातीच्या भिंतीला काय टिकतं ते जरूर सांगा. माझ्या मते तिथं फोमपेक्षा माती-शेणाचा गिलावाच बरा.