उपग्रहाचे आकडे ग्रामसभेपुढे आणा

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. खर्च सुमारे ६१५ कोटी रुपये. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला शासनाने चाळीसगाव तालुक्यात दुष्काळ जाहीर केला. हा पैसा शेतकऱ्याला का नाही, असे काही साथी विचारतात. सवाल प्रामाणिक आहे, पण नेम चुकलेला. पाटणच्या शिलालेखात भास्कराचार्यांच्या घराण्याची नोंद जपणाऱ्या या तालुक्याला आकाशाचे वावडे नाही. शिवाय दुष्काळ ठरविताना पिकांची हिरवाई उपग्रहचित्रांवरूनच मोजतात. सारे पुढाऱ्याच्या मर्जीवर सोडण्यापेक्षा ते बरे. मात्र उपग्रहाला वाळलेला कापूस दिसतो, सावकाराची वही दिसत नाही. म्हणून मोर्चा श्रीहरिकोट्यावर नव्हे, तहसील कचेरीवर न्यावा. हे आकडे मराठीत, ग्रामसभेपुढे वाचले जावेत, आणि त्यांवर हरकत घेण्याचा हक्क शेतकऱ्याला मिळावा.